पीटर स्कॉट

सर पीटर मार्कम स्कॉट (जन्म : लंडन, १४ सप्टेंबर १९०९, मृत्यू : ब्रिस्टल, २९ ऑगस्ट १९८९) हे ब्रिटिश पक्षितज्ज्ञ, चित्रकार, नौदल अधिकारी आणि वन्यजीव संरक्षक होते. इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे १९४६ साली त्यांनी पाणपक्ष्यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन किनाऱ्यावरील पाणथळींत उतरणाऱ्या बदकांची, कलहंसांची आणि हंसांची पद्धतशीर गणना करण्याच्या कामाला या संस्थेने कायमचे घर मिळवून दिले. जागतिक वन्यजीव निधीच्या (डब्ल्यूडब्ल्यूएफ) संस्थापकांपैकी ते एक होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेले संशोधक रॉबर्ट फाल्कन स्कॉट हे त्यांचे वडील.

या लेखात इंग्रजीत ज्यांना 'गूस' म्हणतात त्या पक्ष्यांसाठी 'कलहंस' आणि 'स्वान'साठी 'हंस' हा शब्द वापरला आहे.

बालपण व शिक्षण

वडील दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले तेव्हा पीटर काही महिन्यांचे होते. मार्च १९१२ मध्ये वडिलांचा बर्फात मृत्यू झाला. तंबूत लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी पत्नीला सुचवले होते की, जमल्यास मुलाला निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लावावी. राष्ट्रीय वीराचा मुलगा म्हणून साऱ्या देशाचे लक्ष असलेल्या या मुलावर त्या पत्राचे ओझे आयुष्यभर राहिले असते, तर नवल नव्हते. पण आई कॅथलीन यांनी मुलाला मोकळे वाढवले. त्या स्वतः नावाजलेल्या शिल्पकार होत्या. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी हे पीटर यांचे धर्मपिता होते आणि त्यांचे नावही त्या पात्रावरूनच ठेवले गेले. १९२२ साली आईने एडवर्ड हिल्टन यंग यांच्याशी पुनर्विवाह केला.

पीटर यांचे शालेय शिक्षण आउंडल येथे झाले. पुढे त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात निसर्गविज्ञान घेतले, पण १९३१ साली पदवी मिळवली ती कलेच्या इतिहासात. या बदलाचे एक कारण म्हणजे केंब्रिजच्या उत्तरेस पसरलेला फेन्सचा सखल प्रदेश आणि त्याच्या टोकाला असलेले 'द वॉश' हे उथळ आखात. विद्यार्थिदशेतील त्यांचे हिवाळे बहुतेक तिथेच गेले. त्यानंतर त्यांनी म्युनिक येथे आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकलेचे शिक्षण घेतले.

शिकार आणि चित्रकला

वॉशमध्ये ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. शरद ऋतूत आइसलँड व ग्रीनलँडकडून गुलाबी पायांचे कलहंस तेथे येतात. त्या काळी ते दिवसा फेन्समधील शेतांत काढणीनंतर उरलेले बटाटे खात आणि रात्री चिखलावर विसाव्याला जात. शिकारी मध्ये दबा धरून बसत. पहाटे पक्षी समुद्राकडून शेताकडे निघाले की बांधाआडून बार काढायचा, अथवा चांदण्या रात्री शेतात थांबायचे, अशी ही रीत होती. स्कॉट या शिकारीत तरबेज होते आणि तिच्यात पुरते रमले होते. भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याची दिशा, अंधारात केवळ आवाजावरून जात ओळखणे, डोक्यावरून गेलेल्या थव्याचा आकार क्षणात अजमावणे हे सारे ते बंदूक हातात असताना शिकले. हेच ज्ञान पुढे त्यांना गणनेत उपयोगी पडले.

१९३३ पासून नीन नदीच्या मुखाजवळ, सटन ब्रिज येथील एका वापरात नसलेल्या दीपगृहात त्यांनी बस्तान बसवले. तेथे ते चित्रे काढत आणि आवारात जिवंत बदके व कलहंस पाळत. त्याच वर्षी लंडनमधील अ‍ॅकरमन यांच्या दालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पहाटेच्या आभाळात रांगेने उडणारे पक्षी हा विषय त्यांनी जन्मभर रंगवला. समीक्षकांनी या चित्रांना फार मोठे स्थान दिले नाही, परंतु त्यांच्या प्रतिकृती ब्रिटनमधील असंख्य घरांच्या भिंतींवर लागल्या आणि त्यांच्या विक्रीवर स्कॉट यांचा चरितार्थ चालला. 'मॉर्निंग फ्लाइट' (१९३५) आणि 'वाइल्ड कोरस' (१९३८) ही त्यांची सचित्र पुस्तके याच काळातील होत. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने शिडाची होडी हाकण्याच्या स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले.

शिकार त्यांनी एकाएकी सोडली नाही. एकदा गोळीबाराने पाय मोडलेला एक कलहंस माणसाला पोहोचता येणार नाही अशा मऊ चिखलात बसून राहिलेला त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीही तो तेथेच होता. या प्रसंगाने मन पालटल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांनी बंदुका कायमच्या खाली ठेवल्या, त्या वेळी त्यांच्या संस्थेला काही वर्षे झाली होती. या मधल्या काळात ते एकाच वेळी शिकारी आणि संरक्षक होते. शिकाऱ्यांच्या संघटना पुढे त्यांच्याशी बोलणी करायला तयार झाल्या, याचे श्रेय बरेचसे या जुन्या नात्याला द्यावे लागते.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात स्कॉट राखीव नौदलात दाखल झाले. 'ब्रोक' या विनाशिकेवर असताना त्यांनी जहाजांसाठी फिकट रंगांची छद्म रंगयोजना सुचवली व ती अटलांटिकमधील ताफ्यांसाठी वापरली गेली. नंतर इंग्लिश खाडीत वाफेवर चालणाऱ्या जलद तोफनौकांच्या तुकडीचे त्यांनी नेतृत्व केले. त्यांच्या नौकेचे नाव 'ग्रे गूस', म्हणजे करडा कलहंस, असे होते. शौर्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस दोनदा मिळाला. १९४२ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांच्याशी झाला. त्या पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाल्या. हा विवाह १९५१ साली संपुष्टात आला. १९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षातर्फे वेम्ब्ली नॉर्थ येथून उभे राहून स्कॉट थोड्या मतांनी पराभूत झाले.

स्लिमब्रिज

डिसेंबर १९४५ मध्ये स्कॉट सेव्हर्न नदीच्या मुखाशी असलेल्या स्लिमब्रिजला गेले. सेव्हर्नच्या मुखात भरती-ओहोटीतील फरक जगातील सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे. बंधाऱ्याबाहेरच्या खाऱ्या कुरणांवर दर हिवाळ्यात रशियातून पांढऱ्या कपाळाच्या कलहंसांचे मोठे थवे येत. ही जमीन बर्कली घराण्याच्या मालकीची असल्याने तेथे बाहेरच्या माणसांची वर्दळ नव्हती. युद्धकाळात बांधलेल्या काँक्रीटच्या चौकीत बसून, दुर्बिणीने एकेक पक्षी तपासताना या थव्यात छोट्या पांढऱ्या कपाळाचा कलहंस दिसला. डोळ्याभोवतीचे पिवळे कडे सोडले तर दूरवरून तो बाकीच्यांसारखाच दिसतो. ब्रिटनमध्ये ही जात अत्यंत दुर्मीळ समजली जात असे. ती खरोखर दुर्मीळ होती, की हजारोंच्या थव्यात कोणी नीट पाहिलेच नव्हते, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

१९४६ साली येथेच 'सेव्हर्न वाइल्डफाउल ट्रस्ट'ची स्थापना झाली. आजचे तिचे नाव 'वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्ट' असे आहे. रानटी पक्ष्यांचे निरीक्षण, जगभरातील बदक-हंसांचा पाळीव संग्रह, शास्त्रीय संशोधन आणि सामान्य लोकांना प्रवेश या चारही गोष्टी एकाच आवारात ठेवण्याची कल्पना त्या काळी नवी होती. स्कॉट यांचे घरही तेथेच होते. त्यांच्या अभ्यासिकेच्या प्रचंड काचेच्या खिडकीबाहेर तळे होते. १९५५ पासून बीबीसीवर सुरू झालेल्या 'लुक' या मालिकेमुळे स्कॉट आणि स्लिमब्रिज ही नावे ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली.

हिवाळी पक्षिगणना

ब्रिटनमध्ये बदके कमी होत आहेत, अशी ओरड दोन महायुद्धांच्या दरम्यान वारंवार होत होती. किती कमी, कोठे आणि कशामुळे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. शिकाऱ्यांकडे मारलेल्या पक्ष्यांच्या नोंदी होत्या, पण जिवंत राहिलेल्यांच्या नव्हत्या. १९४७ साली 'नॅशनल वाइल्डफाउल काउंट्स' ही देशव्यापी गणना सुरू झाली. ती स्कॉट यांची एकट्याची योजना नव्हती. पक्षिसंरक्षणाच्या एका समितीने ती हाती घेतली होती आणि काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक होते. १९५० च्या दशकात तिचे संयोजन स्लिमब्रिजकडे आले आणि तेव्हापासून ती स्कॉट यांच्या संस्थेच्या कामाचा कणा झाली. जॉर्ज अ‍ॅटकिन्सन-विल्स यांनी या नोंदी जुळवून १९६३ मध्ये ब्रिटनमधील पाणपक्ष्यांचा पहिला सविस्तर आढावा प्रसिद्ध केला.

गणनेची पद्धत साधी दिसते, प्रत्यक्षात ती कसोटी पाहणारी आहे. सप्टेंबर ते मार्च या काळात दर महिन्याच्या मध्यावरील एका ठरलेल्या रविवारी देशभर एकदमच मोजणी होते. रविवार अशासाठी की मोजणारे नोकरदार असतात. एकच दिवस अशासाठी की एका खाडीतून उठून दुसऱ्या खाडीत गेलेला थवा दोनदा मोजला जाऊ नये. ओहोटीला पक्षी विस्तीर्ण चिखलावर विखुरतात आणि दूरचे ठिपके होऊन जातात. भरती चढू लागली की ते शेवटच्या कोरड्या पट्ट्यावर गोळा होतात. म्हणून खाडीतील मोजणी भरतीची वेळ पाहून करावी लागते. कलहंस पहाटे विसाव्याच्या जागेवरून उठतात त्या घटकाभरातच मोजता येतात. थवा मोठा असेल तर मोजणारा आधी दहा पक्षी नेमके मोजतो, त्यांनी किती जागा व्यापली हे डोळ्यांत साठवतो आणि तेच माप पुढे साऱ्या थव्यावर लावत जातो. पन्नास, शंभर, पाचशे अशी मापे सरावाने पक्की होतात.

अशा मोजणीत चूक राहतेच. मात्र तीच जागा, तोच महिना आणि शक्यतो तोच माणूस असेल तर ती दरवर्षी साधारण सारखी राहते. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्याला फारसे महत्त्व नसले, तरी दहा वर्षांच्या आकड्यांवरून कल कळतो. उत्तर गोलार्धातील मोजणीसाठी जानेवारी हा मुख्य महिना मानला जातो, कारण त्या वेळी पक्ष्यांचे येणे-जाणे सर्वांत कमी असते.

या आकड्यांचे मोल दोन उदाहरणांतून दिसते. १९३० च्या दशकात समुद्री गवत रोगाने नष्ट झाल्यावर त्यावर जगणाऱ्या काळ्या पोटाच्या ब्रेंट कलहंसांची संख्या कोसळली. १९५० च्या दशकाच्या मध्यास ती सुमारे १५ ते १६ हजार होती. १९५४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली आणि १९९० च्या दशकापर्यंत ही संख्या दोन लाखांच्या वर गेली. दुसरे उदाहरण सॉलवे खाडीतील बार्नॅकल कलहंसांचे. आर्क्टिकमधील स्वालबार या द्वीपसमूहावर वीण करणारे हे सारे पक्षी हिवाळ्यात स्कॉटलंड व इंग्लंडच्या सीमेवरील या एकाच खाडीत उतरतात, हे पायांत घातलेल्या कड्यांवरून सिद्ध झाले. १९४८ च्या सुमारास तेथे जेमतेम ३०० पक्षी उरले होते. शिकारबंदी झाली, १९५७ मध्ये कार्लावेरॉक येथे राखीव क्षेत्र झाले, १९७० मध्ये स्कॉट यांच्या संस्थेने शेजारची शेतजमीन या पक्ष्यांसाठी घेतली आणि ३०० चे पुढे ३० हजारांहून अधिक झाले.

जाळी, कड्या आणि आइसलँड

डोळ्यांनी केलेली गणना पक्षी कोठून आला हे सांगत नाही. त्यासाठी पकडून पायात क्रमांकाची कडी घालावी लागते. कुरणावर चरणारे सावध कलहंस हाती लागत नसत, म्हणून १९४८ साली स्लिमब्रिज येथे स्कॉट यांनी लहान अग्निबाणांनी उडवायचे जाळे वापरून पाहिले. जमिनीवर घडी करून ठेवलेले जाळे क्षणार्धात थव्यावर पसरते. ही पद्धत पुढे अनेक देशांत रूढ झाली. बदके फसवून मारण्यासाठी शतकानुशतके वापरात असलेले निमुळते जाळीबंद ओढेही संस्थेने कड्या घालण्यासाठी उपयोगात आणले.

१९५१ च्या उन्हाळ्यात स्कॉट आइसलँडच्या मध्यभागी थ्योरसाउरवेर या ओसाड पाणथळीत गेले. सोबत फिलिपा टॅलबट-पॉन्सनबी, जेम्स फिशर आणि आइसलँडचे पक्षितज्ज्ञ फिन्नूर गुडमुंडसन होते. गुलाबी पायांचे कलहंस तेथे वीण करतात आणि उन्हाळ्यात पिसे गळत असताना काही आठवडे त्यांना उडता येत नाही. घोड्यांवरून हाकारून त्यांना जाळ्यांच्या कोंडवाड्यात आणले जाई. या भागात त्यांना दगडांचे जुने कोंडवाडेही सापडले. आइसलँडचे लोक पूर्वी याच रीतीने खाण्यासाठी कलहंस धरत असत. त्या वर्षी हजाराहून अधिक आणि १९५३ च्या दुसऱ्या मोहिमेत त्याच्या कित्येक पट पक्ष्यांना कड्या घालण्यात आल्या. हिवाळ्यात ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या पक्ष्यांत कडीवाले किती, या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता आला. या प्रवासाचे वर्णन 'अ थाउजंड गीज' या पुस्तकात आहे. पहिल्या मोहिमेच्या अखेरीस रेक्याविक येथेच पीटर व फिलिपा विवाहबद्ध झाले. पुढे या पाणथळीवर जलविद्युत धरणाचे संकट आले तेव्हा, ती बुडाली तर जगातील गुलाबी पायांच्या कलहंसांचे केवढे मोठे वीणस्थान नाहीसे होईल, हे सांगायला आकडे हाती होते. १९८१ मध्ये तेथे राखीव क्षेत्र जाहीर झाले.

हंसांचे चेहरे

१९६४ च्या हिवाळ्यात सायबेरियाच्या टुंड्रातून येणारे बेविक हंस स्कॉट यांच्या खिडकीसमोरील तळ्यावर उतरू लागले. त्यांच्या चोचीवरील काळ्या-पिवळ्या रंगाची ठेवण प्रत्येक पक्ष्यात निराळी असते, हे स्कॉट यांच्या चित्रकाराच्या नजरेने टिपले. त्यांनी प्रत्येक हंसाचा समोरून व बाजूने चेहरा रेखाटून त्याला नाव दिले. फिलिपा आणि कन्या डाफिला याही या कामात पारंगत झाल्या. (डाफिला हे नाव तलवार बदकाच्या जुन्या शास्त्रीय नावावरून ठेवलेले आहे.) कडी न घालता, पक्ष्याला हात न लावता हजारो हंस वर्षानुवर्षे ओळखले गेले. जोड्या बहुधा आयुष्यभर टिकतात आणि पिल्ले पहिल्या हिवाळ्यात आई-वडिलांबरोबर येतात, या गोष्टींना त्यामुळे भरभक्कम पुरावा मिळाला.

याच हंसांच्या क्ष-किरण तपासणीत १९७० च्या दशकात एक अस्वस्थ करणारी बाब पुढे आली. सायबेरियापासून इंग्लंडपर्यंत संपूर्ण मार्गावर कायद्याचे संरक्षण असलेल्या या पक्ष्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पक्ष्यांच्या अंगात बंदुकीचे छर्रे होते.

नेने आणि रडी

हवाई बेटांवरील नेने या कलहंसाची रानातील संख्या १९५० च्या सुमारास ३० च्या आसपास उरली होती. (हे नाव पक्ष्याच्या आवाजावरून पडले आहे, मराठी आडनावाशी त्याचा संबंध नाही.) त्या वर्षी जोडी म्हणून दोन पक्षी स्लिमब्रिजला आणले गेले. वसंतात दोघांनीही अंडी घातल्यावर दोन्ही माद्या असल्याचे उघड झाले आणि घाईने एक नर मागवावा लागला. त्या तिघांपासून वाढलेल्या वंशातील पक्षी १९६२ पासून हवाईतील माउई बेटावर सोडण्यात आले.

त्याच पाळीव संग्रहाने एक हानीही केली. उत्तर अमेरिकेतून १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या रडी बदकांची काही पिल्ले स्लिमब्रिजहून निसटली, ब्रिटनभर पसरली आणि नंतर स्पेनपर्यंत पोहोचली. तेथील संकटग्रस्त पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी त्यांचा संकर होऊ लागला. त्यांचा प्रसार किती वेगाने होत आहे हे कळले तेही हिवाळी गणनेतूनच. स्कॉट यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश सरकारला मोठा खर्च करून ही बदके मारावी लागली. बंदुका खाली ठेवलेल्या माणसाच्या संस्थेला या मोहिमेचे समर्थन करावे लागले.

आंतरराष्ट्रीय कार्य

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीचे पांडाचे बोधचिन्ह स्कॉट यांनी रेखाटले. १९६३ ते १९८० या काळात ते आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रजाती आयोगाचे अध्यक्ष होते आणि धोक्यातील प्रजातींच्या नोंदी ठेवणारी 'रेड डेटा बुक्स' त्यांच्या पुढाकाराने निघाली. देवमाशांच्या शिकारीविरुद्धही त्यांनी दीर्घकाळ लढा दिला.

गणनेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना म्हणजे १९६७ पासून सुरू झालेली जानेवारीतील आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना. ती चालवणाऱ्या संस्थेचे कार्यालय १९६९ मध्ये स्लिमब्रिजला आले. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळींच्या संरक्षणाचा करार झाला. त्याचे प्रमुख शिल्पकार ल्यूक हॉफमन, जेफ्री मॅथ्यूज आणि इस्कंदर फिरोझ हे होते. यांपैकी मॅथ्यूज हे स्लिमब्रिजचे शास्त्रज्ञ. एखाद्या जागी नियमितपणे २०,००० किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असतील, अथवा एखाद्या जातीच्या किंवा तिच्या स्वतंत्र गटाच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तेथे येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानावी, हे निकष या कराराखाली पुढे रूढ झाले. दोन्ही निकष मोजणीशिवाय लावताच येत नाहीत.

भारत १९८२ मध्ये या करारात सहभागी झाला. १९८७ पासून आशियातही जानेवारीतील पाणपक्षी गणना होते आणि महाराष्ट्र व गोव्यातील पक्षिनिरीक्षक तिच्यात भाग घेतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर २०१९ मध्ये, तर रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेली ठाण्याची खाडी आणि गोव्यातील नंदा तळे २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आले.

उत्तरायुष्य

स्कॉट यांचे छंद अनेक होते. १९६३ मध्ये ते ग्लायडिंगचे ब्रिटिश विजेते झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी अमेरिका चषकासाठी 'सॉव्हरिन' ही शर्यतीची नौका हाकली. त्यात मात्र दारुण पराभव झाला. १९७५ मध्ये लॉक नेस सरोवरातील कथित प्राण्याला शास्त्रीय नाव देण्यात ते सहभागी झाले आणि त्याबद्दल त्यांची बरीच थट्टा झाली. त्या नावातील अक्षरे उलटसुलट केली तर हा प्राणी म्हणजे सर पीटर यांनी केलेली फसवणूक, असा अर्थ निघतो, हे वृत्तपत्रांनी लगेच शोधून काढले.

१९७३ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९८७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. केंब्रिजमध्ये विज्ञान सोडलेल्या माणसाला हा मान मिळाला होता. 'द आय ऑफ द विंड' (१९६१) हे त्यांचे आत्मचरित्र आहे. ऐंशीव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संस्थेने सुरू केलेल्या नोंदी खंड न पडता पुढे चालू आहेत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात सॉलवे खाडीत बर्ड फ्लूची साथ आली. स्वालबारहून आलेल्या बार्नॅकल कलहंसांपैकी सुमारे एक तृतीयांश त्या एका हिवाळ्यात मेले, असा अंदाज आदल्या वर्षांच्या गणनेशी तुलना करून बांधता आला.